प्रसिद्धीवाले दौलतराव

दौलतराव वैरागडे पोटापाण्यासाठी काय करतात, हे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत कोणालाच धड सांगता येत नसे. साप्ताहिकातली बातमीदाराची नोकरी त्यांनी सोडली, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लावली, 'येथे प्रसिद्धीचे काम केले जाईल', आणि घोटाळा तिथून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. नागपुरात वकील होते, वैद्य होते, अर्ज लिहून देणारे होते, लग्न जुळवणारे होते. दुसऱ्याचं नाव चार लोकांत नेणं हासुद्धा कोणाचा धंदा असू शकतो, हे आम्हाला नवीन होतं.

पाटी पाहून पहिला गृहस्थ आला तो मुलासाठी स्थळ शोधत. दुसऱ्याची म्हैस हरवली होती. दौलतरावांनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "म्हैस हरवली हे तुमी डोळ्यानं पाह्यलं का?"

"आता हरवताना कोन पाह्यते जी?" तो म्हणाला. "खुंटा रिकामा दिसला."

"मंग तेवढंच लिहू," असं म्हणून दौलतरावांनी लिहिलं, अमक्याच्या गोठ्यातला खुंटा कालपासून रिकामा आहे. म्हैस परत आली की नाही कोणास ठाऊक, पण ही गोष्ट इतवारीच्या बाजारापर्यंत पोचली आणि पाटीचं काम फुकटात झालं.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहत असे आणि शाळेत इंग्रजी शिकवीत असे. साहेबलोकांना कळावं म्हणून त्यांचा मजकूर इंग्रजीत करून देणं, एवढाच माझा त्या धंद्याशी संबंध. कधीमधी त्यांच्याबरोबर कुठे कुठे गेलो, तेही सुटीचं घरी बसून करायचं काय म्हणून. मला स्वतःला हे प्रकरण चार महिन्यांच्या वर चालेलसं वाटत नव्हतं. बोलून दाखवलं तर ते रागावत नसत, टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "पाहू ना मास्तर."

नोकरी सोडायचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. साप्ताहिकाच्या कचेरीत दोन तऱ्हेची माणसं येत. एक तऱ्हा थेट संपादकाच्या खुर्चीपर्यंत जाई, पान खाई, आणि आपल्या सत्काराची बातमी छापवून जाई. दुसरी तऱ्हा दाराशी चपला काढून उभी राही. तिनं गावात काहीतरी खरंच केलेलं असे, पण ते सांगावं कसं हे तिला कळत नसे, आणि थोडा वेळ उभं राहून ती निघून जाई. "मी त्या दारातल्या माणसाइचा वकील," दौलतराव म्हणाले. "फक्त कोर्टात नाही, पेपरात."

दिसायला ते अगदी कोणासारखेही होते. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, हातात छत्री. पण कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. कापडाच्या दुकानात धोतरजोडीचा काठ ओढून पाहत, नव्या इमारतीत गेले की भिंतीवर थापट्या मारत. कामाला निघताना ते आपला डबा बरोबर नेत. गिऱ्हाइकाच्या घरी पाण्याशिवाय काही घेत नसत. "शेठाचं खाल्लं का मजकूर गोड होते," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची बायको गोदाबाई यावर नेहमी एकच टोला मारी, "लोकाइचे गुण गाऊन पोट भरतेत, पन लोकाइच्या घरी जेवत नाहीत. असा भाट पाह्यला का कोनी?"

इतवारीतल्या एका हलवायानं त्यांना बोलावलं होतं. त्याच्या दुकानात शुद्ध तुपाशिवाय काही वापरत नाहीत, अशी हस्तपत्रकं त्याला वाटायची होती. दौलतराव सकाळी जाऊन भट्टीपाशी स्टुलावर बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. तुपाचा डबा येतो तो कुठून, उघडतो कोण, कढईत पडतं काय, सगळं पाहिलं. दुपारी मी सहज डोकावलो तर घामानं त्यांचा कोट अंगाला चिकटला होता. हस्तपत्रक छापून आलं, त्यात लिहिलं होतं की तूप शुद्ध आहे, बुंदी मात्र एकसारखी पडत नाही. हलवाई ते घेऊन तावातावानं आमच्या गल्लीत आला.

"बुंदीचं कोनं सांगतलं होतं तुमाले लिहाले?"

"तुमी नाही सांगतलं. म्हणून तर लोक तुपावर विश्वास ठेवतीन," दौलतराव म्हणाले.

तो बराच वेळ बडबडून गेला. पुढे दिवाळीला त्याच्या दुकानासमोर माणूस मावेना, तेव्हा त्यानं बुंदीचा एक मोठा पुडा पाठवला. तो दौलतरावांनी आमच्याकडे दिला. बुंदी खरोखरच लहानमोठी होती.

दुसरा एक मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार. आपल्या नावामागं 'दानशूर' लागावं अशी त्याची फार इच्छा. घोड्याच्या बग्गीतून आला होता. दौलतरावांनी त्याला नम्रपणे विचारलं, "दान कोणतं?" तो अडखळला, मग म्हणाला, करू की पुढं-मागं. "मंग आपण विहीर खणू," दौलतराव म्हणाले. त्याच्या गावातल्या महारवाड्यात पाण्याचे हाल होते, हे त्यांना बातमीदारीच्या दिवसांपासून ठाऊक होतं. मालगुजारानं कुरकुर केली, जागा बदलून पाहिली, गावकरी काय म्हणतील ते सांगून पाहिलं. दौलतराव पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत, "तुमी खणा, मी लिहितो." शेवटी त्यानं विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी दौलतराव चालत गेले, वस्तीतल्या बाईच्या हातून लोटाभर पाणी प्याले, आणि मग बातमी लिहिली. आमच्या गल्लीत त्यावरून थोडी कुजबुज झाली. दोन घरांनी त्यांच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवणं थांबवलं. गोदाबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही.

अशानं हळूहळू त्यांचा शब्द बाजारात चालू लागला. "वैरागड्यानं लिहिलं आहे" एवढं म्हटलं की वाद संपायचा. माणूस एकटा, ना छापखाना आपला, ना पेपर आपला. त्या शब्दावरच सगळा धंदा उभा होता आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. एकदा बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, एकडाव खोटं निघालं ना, का मले पाटी उतरवा लागते."

त्यांना एकच मुलगी, गिरजा. हुडकेश्वरच्या पलीकडे एका खेड्यात दिली होती. जावई नथ्थूजी, शेती करणारा, शांत, चेहऱ्यावर सदा थोडं कौतुक असलेला तरुण. सासऱ्याचा त्याला केवढा अभिमान! साप्ताहिक टपालानं आलं की मारुतीच्या पारावर बसून तो ते मोठ्यानं वाचून दाखवी, आणि दौलतरावांचा मजकूर आला की थांबून सांगे, "हे आमच्या मामाजींनं लिहिलं आहे. म्हणजे हे असंनच." गिरजाची पहिली दोन बाळंतपणं माहेरी झाली. तिसऱ्या वेळी घरी कापसाचं काम होतं, म्हणून ती सासरीच राहिली.

त्याच सुमारास नागपुरातच धंतोलीत कापसाच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बायकांसाठी धर्मार्थ दवाखाना बांधला. धंतोलीत तेव्हा बंगले आणि मोकळी मैदानं, दोन्ही होती. शेठजी माणूस वाईट नव्हता. दवाखाना खरा होता आणि फुकट होता. दौलतरावांना ते काम मिळालं तेव्हा ते जितके खूश झाले तितके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी बरोबर गेलो होतो. त्यांनी एकेका खाटेवर हात दाबून पाहिला, मच्छरदाण्या सोडून पाहिल्या, औषधांच्या कपाटाची कडी लावली, काढली. भिंतीवर थापट्या मारून झाल्या. जबलपूरहून डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, त्यांची खोलीसुद्धा पाहिली. खोलीत पलंग, आरसा, पाण्याचा माठ, सगळं मांडून ठेवलेलं होतं.

अडचण आली ती दिवसाची. ज्या दिवशी उद्घाटन, त्याच दिवशी साप्ताहिकाचा अंक निघायचा. रीतीनं बातमी पुढल्या आठवड्यात आली असती. पण डिप्टी कमिशनर साहेब यायचे होते, आणि शेठजींना वाटत होतं की साहेबांच्या गळ्यात हार पडतो आहे तेव्हाच अंकही त्यांच्या हातात पडावा. साहेबाला वाचता येवो न येवो, फोटोत दिसावा.

"हे पहा वैरागडेजी," शेठजी म्हणाले, "दवाखाना तुम्ही पाहिला ना? खाटा मोजल्या, दवा पाहिली. आता फीत कापायचीच बाकी आहे. त्यात काय पाहायचं?"

दौलतरावांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी लिहिलं की दवाखान्याचं उद्घाटन थाटात झालं, दवाखाना सर्व स्त्रियांना खुला आहे आणि डॉक्टरीणबाई तेथे अहोरात्र हजर असतात. अंक छापून झाला. खेड्यांच्या प्रती नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीच टपालात पडल्या. आणि त्या संध्याकाळी निरोप आला की साहेबांचा दौरा बदलला, समारंभ आता आठ दिवसांनी. डॉक्टरीणबाईंनाही तार गेली की तेव्हाच या. नव्या खाटा मळू नयेत म्हणून शेठजींनी दाराला कुलूप लावलं.

दौलतराव माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"मास्तर, खोटं नाही झालं ना हे?"

मी म्हटलं, "खोटं कसं? दवाखाना आहेच की."

"आहेच. फक्त आठ दिवस आधी खरं होऊन राहिलं." ते हसायला गेले, पण हसणं जमलं नाही. शहरातल्या प्रती वाटू नका म्हणून ते छापखान्यात सांगून आले. पुढच्या अंकात खुलासा छापायचं ठरलं. खेड्यांत गेलेल्या अंकांचं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि आठ दिवसांत काय होतं, असं आम्ही सगळेच म्हणालो.

पुढचं मी जसं ऐकलं तसं सांगतो. गिरजाला कळा सुरू झाल्या आणि मूल अडलं. गावच्या सुईणीनं हात टेकले. जाणती माणसं म्हणाली, शहरातल्या बायकांच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं अशा केसेस रोज येतात. नथ्थूजी म्हणाला, त्यापेक्षा नवीन दवाखाना आपल्या वाटेवर आधी लागतो, नवं सामान आहे, डॉक्टरीण आहे, मामाजींनं लिहिलं आहे. बैलांच्या दमणीत गादी घालून ते उजाडताच निघाले आणि धंतोलीत पोचले. दाराला कुलूप. चौकीदार जेवायला गेलेला.

दुसरा कोणी असता तर तसाच पुढे गेला असता. नथ्थूजी थांबला. अहोरात्र हजर असतात असं छापलं होतं, म्हणजे बाई इथंच कुठेतरी गेल्या असतील, येतीलच, असं तो गिरजाच्या सासूला सांगत राहिला. बैल सोडून त्यांना चारासुद्धा टाकला. ऊन डोक्यावर आल्यावर चौकीदार परतला आणि म्हणाला की इथं अजून कोणी राहायलाच आलेलं नाही. मग घाईघाईनं बैल जुंपून ती मंडळी मोठ्या दवाखान्यात पोचली. तिथल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिला आणि एवढंच विचारलं, की सकाळीच का नाही आणलं.

गिरजा गेली. मूलही गेलं. मुलगा होता म्हणतात.

निरोप घेऊन नथ्थूजीचा चुलतभाऊ महालात आला तेव्हा मी दौलतरावांच्या खोलीतच होतो. समारंभाची नवी निमंत्रणपत्रिका इंग्रजीत करून देत होतो. त्यानं दारात उभं राहून सगळं सांगितलं, मधे कुठे न थांबता. दौलतराव ऐकत होते. त्याचं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुलूप होतं? तू सोता पाह्यलं?"

"पाह्यलं जी. पितळेचं होतं."

"हो," दौलतराव म्हणाले. "पितळेचंच आहे ते." आणि टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती. आत गोदाबाईंना कोणी सांगितलं ते मला आठवत नाही. मला त्या दिवशी रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. काहीच वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. हात बधिर झाल्यावर पाणी गरम आहे की गार हे कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं, आणि या माणसाबद्दल लिहिताना आजही ते गेलेलं नाही.

तेरवीला मी दौलतरावांबरोबर त्या गावी गेलो. पंगत उठल्यावर नथ्थूजी त्यांच्या पायांशी येऊन बसला. त्याचा चेहरा वाळून गेला होता.

"मामाजी, चूक माह्यीच झाली. म्या दार जोरानं वाजवलंच नाही. डॉक्टरीणबाई आत झोपल्या असतीन. मले लाज वाटली, बायकाइच्या दवाखान्याचं दार बडवाची."

माणसं पान-सुपारी घेत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. दौलतराव गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्या घरात त्यांना दोष देणारं कोणी नव्हतं.

"आत कोनी नव्हतं, नथ्थूजी," ते म्हणाले. "बाई आल्याच नव्हत्या. उद्घाटन झालंच नव्हतं. म्या आधीच लिहून देल्लं होतं."

"पन छापून आलं होतं ना?"

"छापून आलं होतं."

"मंग?" नथ्थूजीनं विचारलं. त्याला खरोखर कळत नव्हतं.

"मंग काही नाही. म्या लिहिलं ते झालं नव्हतं. तू दार तोडलं असतं तरी आत कोनी नव्हतं."

नथ्थूजी उठला आणि त्यानं सासऱ्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दौलतराव पाणी प्याले, आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर ते कपाशीच्या शेतांकडे पाहत होते.

इकडे दवाखान्याचं उद्घाटन ठरल्याप्रमाणे होऊन गेलं होतं. साहेब आले, हार पडले, डॉक्टरीणबाईही आल्या, आणि त्या चांगल्या निघाल्या. शेठजी स्वतः महालात येऊन बसले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी दौलतरावांना हवं ते काम देऊ केलं. दौलतरावांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. तिच्यामागे भिंतीचा रंग नवा दिसत होता. त्यांच्या भावाचं तेलाचं दुकान होतं, तिथं ते बसू लागले. लोक पूर्वीसारखेच मजकूर घेऊन येत, वैरागड्यांनीच लिहावं म्हणत. त्यांचा शब्द कोणी खोटा धरला नव्हता. उलट बिचाऱ्यावर केवढा प्रसंग आला, म्हणून मानच वाढला. गोदाबाई एकदा आमच्याकडे दळण घेऊन आल्या असताना म्हणाल्या, "त्यांले कोनी काही म्हनलं नाही ना, तेच वाईट झालं. कोनी दोन शिव्या देल्ल्या असत्या तर घरी येऊन जेवले तरी असते."

मग ते सकाळचे दुकानात दिसेनासे झाले. चौकशी केली तर कळलं की धंतोलीत जातात. कशाला जातात, विचारलं तर भाऊ नुसते खांदे उडवी. आम्हाला वाटलं, दुःखानं जात असतील, तिथं बसून येत असतील. मी काही विचारलं नाही. रस्त्यात भेटले तर तेही मला पाहून नुसती मान हलवत.

पुढे माझी अकोल्याच्या शाळेत बदली झाली. जायच्या आधी एका विद्यार्थ्याच्या वडिलांना भेटायला मी सकाळी उमरेड रोडकडे गेलो होतो. दवाखान्याकडे वळायच्या जरा अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली, दौलतराव उभे होते. कोट तोच, पण बटणं वरखाली लागलेली. खेड्याकडून एक बैलबंडी येत होती. आत पांघरुणाखाली एक बाई होती, तिच्या उशाशी एक म्हातारी, आणि हाकणारा तिचा बाप असावा.

दौलतरावांनी रस्त्याच्या मधे येऊन हात वर केला.

"दवाखान्यात?"

"हो जी. पोरीले नेऊन राहिलो. उघडा आहे ना?"

"सकाळी उघडा होता. बाई होत्या. पन त्याले घंटाभर झाला." त्यांनी बंडीत वाकून त्या बाईकडे पाहिलं. "थांबू नोका, तुमी येत राहा. मी पाहून येतो. बंद असंन तर मी वळणावरच तुमाले सांगतो, तसेच मोठ्या दवाखान्यात जाजा."

"काहून धावता बुवा या वयात," हाकणारा म्हणाला. त्यानं बाजूला सरकून जागा केली. "बसा बंडीत, सोबतच जाऊ. तिथंच पाहू."

"नाही," दौलतराव म्हणाले. "तुमी पोचाच्या आधी मले पोचलं पाह्यजे."

आणि धोतर वर खोचून ते बैलांच्या पुढे पळत सुटले.